जुन्या छोट्या गाडीचे इंजिन कसे निवडावे

भारतात छोट्या गाडीच्या बॉनेटखाली केवढे इंजिन असावे, हे बऱ्याच अंशी अर्थसंकल्पाने ठरवले. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीची व्याख्या झाली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत आणि डिझेल इंजिन १,५०० सीसीपर्यंत. या मापात बसणाऱ्या गाडीवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले आणि कंपन्यांनी इंजिने त्याच मापाने बेतायला घेतली. २००५ साली आलेल्या मारुती स्विफ्टचे पेट्रोल इंजिन १,२९८ सीसीचे होते. २०१० मध्ये त्याच्या जागी १,१९७ सीसीचे आले. ह्युंदाईचे कप्पा इंजिनही १,१९७ सीसीचे, होंडाचे १,१९९ सीसीचे आणि टाटांचे रेव्होट्रॉनही १,१९९ सीसीचेच. २०१७ मध्ये जीएसटी आला, तरी ही मापे कायम राहिली. त्यामुळे जुन्या गाड्यांच्या बाजारात नुसत्या सीसीच्या आकड्यावरून ठरवण्यासारखे फार थोडे उरते. ठरवायचे असते ते इंधन कोणते, टर्बो हवा की नको, सिलिंडर तीन की चार. आणि या सगळ्याहून महत्त्वाचे म्हणजे आधीच्या मालकाच्या हाताखाली ते इंजिन कोणत्या रस्त्यांवर आणि कसे चालले.

नव्या गाडीचा गिऱ्हाईक इंजिनाचा प्रकार निवडतो. जुनी गाडी घेणाऱ्याला त्या प्रकारातले एक विशिष्ट, आठ-दहा वर्षे झिजलेले इंजिन निवडायचे असते. उत्तम प्रकारातले वाईट वापरलेले इंजिन घेण्यापेक्षा मध्यम प्रकारातले नीट वापरलेले इंजिन घेणे केव्हाही बरे. तरीही सुरुवात प्रकारापासून करावी लागते, कारण चुकीच्या प्रकारातली चांगली गाडीही चुकीच्या वापरात दोन वर्षांत बिघडते.

डिझेलचा काळ

जुन्या बाजारात डिझेलच्या छोट्या गाड्या इतक्या का दिसतात, याचे उत्तर इंधनाच्या दरात आहे. पेट्रोलचे दर २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले. डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारच्या हातात होते. मे २०१२ मध्ये पेट्रोल लिटरला सत्तर रुपयांच्या पुढे गेले, तेव्हा डिझेल चाळिशीत होते. एवढा फरक असल्यावर महिन्याला पाचशे किलोमीटर चालवणारेही डिझेल गाडीसाठी नंबर लावून बसले. दर मोकळे झाल्यावर ही दरी बुजत गेली. पुढे १ एप्रिल २०२० पासून उत्सर्जनाचे बीएस-६ निकष लागू झाले. छोट्या डिझेल इंजिनाला त्या निकषांत बसवायचे तर गाडीची किंमत बरीच वाढणार होती, म्हणून मारुतीने डिझेल बंदच केले. टाटांनी टियागोचे १,०४७ सीसीचे डिझेल इंजिनही तेव्हाच थांबवले. ह्युंदाई आय-ट्वेंटी, होंडा अमेझ, टाटा अल्ट्रोझ अशा मोजक्या गाड्यांत डिझेल त्यानंतरही काही काळ राहिले. एकूण पाहता, आज बाजारात उभी असलेली छोटी डिझेल गाडी बहुधा बीएस-४ किंवा बीएस-३ काळातली असते.

या काळाचा मानकरी म्हणजे फियाटचे १,२४८ सीसीचे मल्टिजेट. २००३ मध्ये युरोपात आलेले हे इंजिन फियाटने पुण्याजवळ रांजणगावला बनवले आणि मारुतीने परवाना घेऊन हरियाणात मानेसरला. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया, पुढे एर्टिगा आणि ब्रेझा, एवढ्या गाड्यांत ते बसले. त्याचा जुन्या गाडीच्या गिऱ्हाइकाला होणारा फायदा अगदी साधा आहे: तालुक्याच्या गावातल्या मेकॅनिकनेही हे इंजिन खोलून पाहिलेले असते आणि सुटे भाग शोधत फिरावे लागत नाही. स्विफ्टमध्ये ते ७५ अश्वशक्ती आणि १९० न्यूटन-मीटर टॉर्क देते, तोही मिनिटाला २,००० फेऱ्यांनाच. उणीव अशी की त्या २,००० फेऱ्यांच्या खाली टर्बोने जोर धरलेला नसतो. शहरातल्या गर्दीत दुसऱ्या गिअरवर गाडी सुस्त वाटते आणि मग एकदम उसळते. टेस्ट ड्राइव्हला हा झटका बिघाड वाटू शकतो. तो या इंजिनाचा स्वभाव आहे. काही गाड्यांत याच इंजिनाची ९० अश्वशक्तीची आवृत्ती आहे. तिचा टर्बो वेगळा, बदलत्या पात्यांचा आणि दुरुस्तीला अधिक महाग.

किलोमीटरचा हिशेब

इंधनाचा हिशेब घरी बसून करता येतो आणि तो गाडी पाहायला जाण्याआधीच करावा. समजा, पेट्रोल १०४ रुपये लिटर, डिझेल ९० रुपये लिटर आणि सीएनजी ८० रुपये किलो आहे. मध्यम वयाची छोटी गाडी शहर आणि हायवे मिळून पेट्रोलवर लिटरला १६, डिझेलवर २० आणि सीएनजीवर किलोला २४ किलोमीटर अ‍ॅव्हरेज देते असे धरले, तर किलोमीटरमागे खर्च अनुक्रमे साडेसहा, साडेचार आणि सव्वातीन ते साडेतीन रुपये पडतो. म्हणजे डिझेल किलोमीटरमागे दोन रुपये वाचवते आणि सीएनजी तीन रुपयांच्या आसपास.

वर्षाला ६,००० किलोमीटर चालणाऱ्या कुटुंबाचे डिझेलमुळे १२,००० रुपये वाचतील. त्याच वयाची डिझेल गाडी ७०,००० रुपयांनी महाग मिळत असेल, तर तेवढी रक्कम भरून निघायला सहा वर्षे लागतील. तोवर दहा वर्षांची गाडी सोळा वर्षांची झालेली असेल. वर्षाला १८,००० किलोमीटर चालणाऱ्याची तीच रक्कम दोन वर्षांत वसूल होते. गाडी जितकी जुनी, तितका डिझेल-पेट्रोलमधला किमतीचा फरक कमी होत जातो, हेही लक्षात घ्यावे. बारा वर्षांची डिझेल गाडी कधी कधी पेट्रोलच्या भावातच मिळते. हा स्वस्तपणा फसवा असू शकतो, कारण डिझेलची दुरुस्ती गाडीच्या वयाबरोबर स्वस्त होत नाही. पेट्रोल इंजिनात इंधन साधारण तीन-चार बार दाबाने फवारले जाते. कॉमन-रेल डिझेलमध्ये हाच दाब हजार बारच्या पुढे असतो. एवढा दाब पेलणारा पंप आणि इंजेक्टर अतिशय सूक्ष्म मापाचे असतात. इंधनातले पाणी किंवा भेसळ त्यांना सोसत नाही आणि एकेका इंजेक्टरचा खर्च पाच आकड्यांत जाऊ शकतो. वाचवलेले दोन रुपये वर्षभर बाजूला ठेवले, तरी एक इंजेक्टर ते सगळे खाऊन टाकतो.

कोणत्या रस्त्यावर चालणार

वर्षाचे किलोमीटर सारखेच असले तरी ते कसे पडतात, यावर इंजिनाचे आयुष्य ठरते. हा मुद्दा गाडी घेताना सर्वांत कमी विचारला जातो, म्हणून इथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

कोथरूडमधल्या एका घरची गाडी रोज सकाळी तीन किलोमीटरवरच्या शाळेत जाते, परत येते, दुपारी पुन्हा तेवढीच जाते. प्रत्येक फेरीत इंजिन थंड असताना सुरू होते आणि तापमानाचा काटा मधोमध यायच्या आत बंद होते. थंड पेट्रोल इंजिनाला जास्त इंधन दिले जाते. त्यातले काही न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ होते, जळणातून तयार झालेली वाफ ऑइलमध्येच राहते आणि फिलर कॅपच्या आत पांढुरका लगदा दिसू लागतो. दुसरीकडे सांगलीहून कोल्हापूरला रोज जाणारी गाडी दर फेरीला सुमारे ५० किलोमीटर एका लयीत धावते. इंजिन पूर्ण तापते, ऑइलमधली वाफ आणि इंधन उडून जाते, क्लच क्वचितच दाबला जातो. पाच वर्षांनी पहिल्या गाडीचे रनिंग ३०,००० असेल आणि दुसरीचे एक लाखाच्या कितीतरी पुढे. मीटर पाहून निवडणारा पहिली गाडी घेईल. इंजिन पाहून निवडणाऱ्याला दुसरीचाही विचार करावा लागेल, विशेषतः तिच्या सर्व्हिसिंगच्या नोंदी सलग असतील तर.

आखूड फेऱ्यांचा त्रास डिझेलला अधिक होतो. डिझेल इंजिनातून वाया जाणारी उष्णता कमी असल्याने ते उशिरा तापते. थंड, हळू चालणाऱ्या इंजिनात काजळी जास्त धरते आणि धूर परत आत घेणारी ईजीआर झडप चोंदते. बीएस-६ डिझेलमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची गाळणी असते. ती काजळी अडवते आणि अधूनमधून तापवून जाळून टाकते. ही जाळण्याची क्रिया पुरी व्हायला हायवेच्या वेगाने सलग वीसेक मिनिटे गाडी चालावी लागते. ती शहरात वारंवार अर्धवट राहिली की गाळणी भरते, दिवा लागतो आणि पिकअप जातो. ज्याचा सगळा वापर घर, ऑफिस आणि मंडई एवढाच आहे, त्याने बीएस-६ डिझेल कितीही चांगले मिळाले तरी घेऊ नये.

घाटाचा हिशेब वेगळा. वॅगन-आरचे ९९८ सीसीचे के-१० इंजिन ६८ अश्वशक्ती आणि ९० न्यूटन-मीटर टॉर्क देते, तोही ३,५०० फेऱ्यांना. एकट्या माणसाला शहरात ते पुरेसे आणि चपळ आहे. पाच माणसे, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि एसी चालू अशा अवस्थेत कुंभार्ली किंवा आंबोली घाट चढताना तेच इंजिन दुसऱ्या गिअरवर ओरडत राहते. गाडी चढते, पण ओव्हरटेक करायला जोर उरत नाही. दर महिन्याला गावी जाणाऱ्या चाकरमान्याला हजार सीसीपेक्षा बाराशे सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, नाहीतर डिझेल, जास्त उपयोगाचे. कारण घाटात जोर कमी फेऱ्यांना लागतो आणि डिझेलचा जोर तिथेच असतो.

पेट्रोलमधली निवड

साधे, टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन हे जुन्या छोट्या गाडीच्या बहुतेक गिऱ्हाइकांसाठी योग्य उत्तर आहे. त्यात बिघडणाऱ्या महाग गोष्टीच कमी असतात. मारुतीची के-मालिका, ह्युंदाईचे कप्पा आणि होंडाचे आय-व्हीटेक ही तिन्ही घराणी जुन्या बाजारात आपली लायकी सिद्ध केलेली आहेत. नीट ऑइल बदलले असेल तर त्यांच्या एक लाख किलोमीटरच्या रनिंगला घाबरण्याचे कारण नाही.

तीन सिलिंडरचे इंजिन उभ्या गाडीत थोडे थरथरते, ही त्याची जात आहे. एसी लावल्यावर स्टिअरिंगला जाणवणारा हलका कंप चालतो. पण आरसा धूसर दिसावा इतकी थरथर असेल तर इंजिन माउंटिंग गेलेले असते किंवा एखादा सिलिंडर मिसिंग करत असतो. टियागो, के-१० इंजिनाच्या वॅगन-आर आणि अल्टो, क्विड या सगळ्या तीन सिलिंडरच्या गाड्या आहेत. त्यांची तुलना चार सिलिंडरच्या स्विफ्टशी न करता त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी करावी. म्हणून एकाच मॉडेलच्या निदान दोन गाड्या चालवून पाहणे फायद्याचे.

टायमिंग चेन आहे की बेल्ट, हा प्रश्न प्रत्येक गाडीबाबत विचारावा. क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांचा मेळ राखणारी चेन सहसा इंजिनाच्या आयुष्यभर टिकते, फक्त ऑइल वेळेवर बदलायला हवे. बेल्ट रबराचा असतो आणि ठरावीक किलोमीटरला किंवा वर्षांना बदलावाच लागतो. तो चालत्या गाडीत तुटला की अनेक इंजिनांत पिस्टन झडपांवर आपटतो आणि हेड खोलावे लागते. के-मालिका, कप्पा आणि १.३ मल्टिजेट चेनची. मारुती ८०० आणि जुन्या अल्टोचे ७९६ सीसीचे इंजिन, जुन्या सँट्रोचे इंजिन आणि फोर्डचे १.५ लिटर डिझेल बेल्टची. बेल्टच्या गाडीत बदलल्याचे बिल दिसले नाही, तर तो बदललेला नाही असे समजून तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घ्यावी.

टर्बो-पेट्रोलची गोष्ट वेगळी. फोक्सवॅगन पोलोचे टीएसआय, ह्युंदाईचे एक लिटरचे टी-जीडीआय ही इंजिने हायवेवर मोठ्या गाडीसारखी पळतात. ज्याला गाडी चालवण्याची आवड आहे त्याला ती मोहात पाडतात आणि तो मोह समजण्यासारखा आहे. पण टर्बोचे चाक मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे घेते आणि त्याचे बेअरिंग ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असते. आधीच्या मालकाने हलक्या प्रतीचे ऑइल वापरले, किंवा एक्स्प्रेसवेवरून उतरून गाडी लगेच बंद करण्याची सवय ठेवली, तर ते ऑइल तिथेच करपते. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या इंजिनात आत येणाऱ्या झडपा पेट्रोलने धुतल्या जात नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर कार्बन साचतो. जोडीला ड्युअल-क्लच गिअरबॉक्स असेल तर त्याच्या दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या मानाने मोठा ठरतो. सर्व्हिसच्या पूर्ण नोंदी असलेली टर्बो-पेट्रोल गाडी चांगली खरेदी आहे; नोंदी नसलेली गाडी कितीही चकाकत असली तरी सोडून द्यावी.

पेट्रोलबाबत नवा मुद्दा इथेनॉलचा. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सोसतील अशा साहित्याने बनू लागल्या. आता पंपावर सर्वत्र तेच मिळते. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे जुन्या गाडीचे अ‍ॅव्हरेज थोडे घटते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. म्हणून बराच काळ उभी राहिलेली जुनी पेट्रोल गाडी घेताना इंधनाच्या रबरी नळ्या, टाकीतला पंप आणि इंजेक्टर तपासून घ्यावेत.

सीएनजी

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या पट्ट्यात रोज चाळीस-पन्नास किलोमीटर चालणाऱ्याला सीएनजीइतके स्वस्त काही नाही. मारुतीने २०१० मध्ये कारखान्यातूनच सीएनजी बसवलेल्या गाड्या आणल्या आणि जुन्या बाजारात दोन वर्ग पडले: कंपनी फिटेड आणि बाहेरून किट बसवलेल्या. फरक टाकीपुरता नाही. सीएनजी पूर्ण कोरडा वायू आहे आणि पेट्रोलचा फवारा झडपांना जो थंडावा देतो तो त्यात मिळत नाही, म्हणून झडपांच्या बैठकी लवकर झिजतात. कंपनी फिटेड गाडीत बैठकी अधिक कणखर धातूच्या असतात आणि इंजिनाचा संगणक दोन्ही इंधनांसाठी बेतलेला असतो. बाहेरच्या किटमध्ये काम कोणत्या हाताने केले यावर सगळे अवलंबून. आरसी बुकात सीएनजीची नोंद नसलेले किट तर विमा आणि कायदा या दोन्ही दृष्टींनी धोक्याचे.

टाकीत वायू सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो. म्हणून दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो-टेस्ट सक्तीची आहे. तारीख टाकीवर किंवा जवळच्या पट्टीवर कोरलेली असते आणि ती डिकीत वाकून स्वतः वाचावी. ६० लिटर पाणी मावेल एवढ्या मापाच्या टाकीत आठ-नऊ किलो वायू बसतो आणि डिकी जवळपास संपते. चढावर गाडी पेट्रोलपेक्षा कमी ओढते. सीएनजीवर चाललेल्या इंजिनाचे ऑइल काळे पडत नाही, त्यामुळे स्वच्छ ऑइल पाहून इंजिन चांगले आहे असा निष्कर्ष इथे काढता येत नाही. गाडी दोन्ही इंधनांवर, थंड आणि गरम, चालवून पाहावी. कित्येक मालक वर्षानुवर्षे पेट्रोलचा काटा तळाशी ठेवून चालवतात. अशा गाडीचा पेट्रोल पंप आणि इंजेक्टर निकामी झालेले असू शकतात.

सीएनजी वॅगन-आर किंवा डिझायर घेताना ती आधी टॅक्सी होती का, हे आरसीवरून आणि परिवहन विभागाच्या नोंदींवरून पाहावे. पिवळ्या पाटीची गाडी पांढऱ्या पाटीवर आणता येते, आणि टॅक्सीच्या चार वर्षांत दोन-तीन लाख किलोमीटर सहज होतात.

सकाळी सात वाजता

इंजिनाची परीक्षा थंड इंजिनावरच होते. विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावे की गाडी सुरू करू नका, आणि सकाळी लवकर जावे. बॉनेट उघडून आधी इंजिनावर हात ठेवावा. ते कोमट लागले, तर कोणीतरी ती आधी सुरू करून ठेवली आहे आणि त्यामागे कारण असते.

डिपस्टिक काढून ऑइलची पातळी पाहावी. डिझेलचे ऑइल बदलल्यानंतर काही दिवसांतच काळे होते, त्यात गैर नाही. ऑइल दुधाळ असेल तर मात्र कूलंट मिसळले आहे, म्हणजे हेड गॅस्केटची शंका. फिलर कॅपखालचा थोडा पांढरा लगदा पावसाळ्यात आखूड फेऱ्यांनीही होतो, म्हणून कॅप आणि डिपस्टिक दोन्ही पाहिल्याशिवाय निर्णय करू नये. रेडिएटर थंड असतानाच कूलंटची टाकी पाहावी: नुसते गढूळ पाणी असेल तर मालकाने काळजी घेतलेली नाही.

मग गाडी सुरू करायला सांगून आपण सायलेन्सरच्या बाजूला उभे राहावे. पहिल्या दोन-तीन सेकंदांत चेनचा खडखडाट ऐकू आला आणि ऑइलचा दाब चढताच थांबला, तर चेन किंवा तिचा टेन्शनर सैल झाला आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते. काळा धूर डिझेलमध्ये जोरात रेस केल्यावर थोडा येतो. सतत येत असेल तर इंजेक्टर, टर्बो किंवा ईजीआर यांपैकी कशात तरी दोष आहे. थंड सकाळची पांढरी वाफ मिनिटभरात विरते. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर गोडसर वासाने येत राहिला, तर कूलंट जळते आहे. इंजिन चालू असताना फिलर कॅप सैल करून पाहावी. कॅप जोरात उडू लागली किंवा तिथून धुराचे झोत येऊ लागले, तर मेकॅनिक ज्याला बॅक कंप्रेशन म्हणतात ते आहे: पिस्टन रिंगा झिजल्या आहेत आणि इंजिनाचे काम काढावे लागणार. डिझेलमध्ये ही एक तपासणी बाकी सगळ्या तपासण्यांच्या तोडीची आहे.

चालवताना तिसऱ्या गिअरवर कमी वेगातून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्यावा. फेरे वाढतात पण गाडी त्या मानाने पळत नाही, असे झाले तर क्लच प्लेट घसरते आहे. अर्धा तास चालवल्यावर इंजिन बंद करून लगेच पुन्हा सुरू करावे. गरम असताना डिझेल सुरू व्हायला वेळ घेत असेल तर इंजेक्टर किंवा पंपाची गळती संभवते. ओळखीच्या मेकॅनिककडून स्कॅनर लावून घेतला, तर दिवा बंद करून लपवलेले दोषही बहुधा दिसतात.

मीटरचा आकडा इंजिनाच्या प्रकाराशी ताडून पाहावा. दहा वर्षांची डिझेल गाडी ६०,००० किलोमीटर दाखवत असेल, तर वर्षाला ६,००० झाले. सहसा जास्त चालवायचे म्हणून डिझेलला जादा पैसे मोजले जातात, मग एवढे कमी रनिंग कसे? एक तर मीटर मागे फिरवलेला आहे, नाहीतर गाडी खरोखरच गल्लीबोळात आखूड फेऱ्यांवर झिजली आहे. इंजिनाच्या दृष्टीने दोन्ही उत्तरे वाईटच. ब्रेक पेडलचे रबर, स्टिअरिंगचा गुळगुळीतपणा आणि सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी यांतून खरे काय ते कळते.

पुराचे पाणी

२६ जुलै २००५ ला मुंबईत, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येतात. पाण्यात इंजिन चालू राहिले किंवा सुरू करण्याचा प्रयत्न झाला, तर हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरते. पाणी दाबले जात नाही, म्हणून वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलमध्ये हवा पेट्रोलपेक्षा पुष्कळ जास्त दाबली जाते आणि पिस्टन वर आल्यावर जागा फारच थोडी उरते, म्हणून थोडे पाणीही तिथे पुरे होते. रॉड किंचित वाकलेले इंजिन काही महिने चालतेही आणि नंतर एक दिवस तो रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, त्यावर मातकट पाण्याची रेघ राहते. सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज, कार्पेटखालची बारीक माती आणि एअर फिल्टरच्या डब्यातला गाळ हेही दिसते. बुडालेल्या गाडीचे इंजिन खोललेले असेल, तर ते का खोलले याचे बिल मागावे.

कागदपत्रांतले इंजिन

आरसीवर इंधन, उत्सर्जनाचा निकष आणि इंजिन क्रमांक असतो. तो क्रमांक ब्लॉकवर कोरलेल्या क्रमांकाशी जुळवावा. न जुळल्यास इंजिन बदललेले आहे आणि त्याची नोंद झालेली नाही. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरच्या बंदीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले, आणि तिथल्या डिझेल गाड्या कमी भावात इतर राज्यांत येऊ लागल्या. अशी गाडी महाराष्ट्रात आणायची तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र लागते आणि इथला एकरकमी कर भरावा लागतो. हा कर डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त दराने आणि सीएनजीला सर्वांत कमी दराने आहे. तो धरला की दिल्लीचा स्वस्त भाव बराच वर सरकतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, शिवाय पर्यावरण कर वेगळा. म्हणून तेरा वर्षांची गाडी घेताना हा खर्च दोन वर्षांवर आलेला आहे, हे किंमत ठरवतानाच बोलून घ्यावे.

गाडी ताब्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि कूलंट बदलून घ्यावे, आधीचा मालक काहीही सांगो. पेट्रोलमध्ये स्पार्क प्लग बदलून थ्रॉटल बॉडी साफ करावी. डिझेलमध्ये इंधनाचा फिल्टर नवा टाकावा आणि काढलेल्या फिल्टरमधले पाणी काचेच्या बरणीत ओतून पाहावे. सीएनजीत प्लग, एअर फिल्टर आणि गळतीची तपासणी. हायड्रो-टेस्टची मुदत जवळ असेल तर तीही त्याच फेरीत करून घ्यावी. बेल्टच्या इंजिनात बेल्टबरोबर टेन्शनर आणि वॉटर पंपही बदलावा, कारण त्यांच्यासाठी तेच भाग पुन्हा खोलावे लागतात. या कामांची तारीख आणि मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवावा. पुढचे ऑइल कधी बदलायचे, हे त्यावरूनच मोजायचे असते.